शिवराईची पारख

जव्हार तालुक्यांत वावर नांवाचें एक गांव आहे. मराठींत वावर म्हणजे शेत. पावसाळ्याच्या आरंभीं नांगराच्या फाळाबरोबर, किंवा पहिल्या जोराच्या सरीनें बांधाची माती धुपून गेली म्हणजे, महाराष्ट्रांतील वावरांतून कधीं कधीं एखादा हिरवट, साधारण वाटोळा, पण कडेला ओबडधोबड असा तांब्याचा तुकडा वर येतो. पोरें तो खेळावयास घेतात. घरांतील बायका चिंच लावून तो लख्ख करतात. आणि अखेर मोडीच्या भावानें तो तांबटाच्या तराजूंत जातो. त्या तुकड्याकडे कोणी बारकाईनें पाहिलें, तर त्याच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्रपति’ हीं अक्षरें दिसतात. तो तुकडा म्हणजे शिवराई.

तांब्याच्या नाण्यास आपल्या भाषेंत फारसा मान नाहीं. ‘दमडीची किंमत नाहीं’ असें आपण सहज म्हणतों. इतिहासकारांची दृष्टीहि बहुधा मोहोरा, होन आणि रुपये ह्यांच्याकडेच वळते, कारण खंडणी, लूट, नजराणे आणि लष्कराचा पगार ह्यांचे आंकडे सोन्यारुप्यांत लिहिलेले असतात. परंतु मीठ, तेल, तंबाखू, मजुरी आणि देवापुढची दक्षिणा हा सर्व व्यवहार तांब्यांत चाले. वावर आणि त्याच्या शेजारचें वांगणी हीं नांवें १९९२ सालीं बालकांच्या कुपोषणाच्या आणि मृत्यूंच्या वार्तांमुळें महाराष्ट्रभर झालीं. त्यापूर्वीं शहरांतील फारच थोड्यांस तीं ठाऊक होतीं. अशा गांवांच्या मागील पिढ्यांचा इतिहास कागदांत कोठून असणार? त्यांच्या हातांतून जें गेलें, त्यांतील टिकाऊ असें जें कांहीं उरलें आहे, त्यांत तांब्याचें नाणें हें एक मुख्य साधन होय. म्हणूनच त्याची पारख कशी करावी हा प्रश्न केवळ शोकीन संग्राहकांचा नाहीं.

नाण्याची किंमत कशानें ठरते, ह्या प्रश्नाचीं दोन अगदीं भिन्न उत्तरें जव्हारच्या इतिहासाच्या अनुषंगानें समोर येतात. पहिलें उत्तर दिल्लीच्या महंमद तुघलकाचें. जयाबा मुकणे ह्यांनीं स्थापिलेल्या जव्हारच्या गादीस, त्यांचा पुत्र नीमशाह ह्याच्या वेळीं, १३४३ सालीं ज्या बादशहानें मान्यता दिली, तो हाच. त्यापूर्वीं दहाबारा वर्षें, म्हणजे १३३० च्या सुमारास, ह्या बादशहानें तांब्याचीं व पितळेचीं नाणीं पाडून तीं चांदीच्या टंक्याच्या बरोबरीनें चालवावीं असा हुकूम काढला होता. कल्पना आजच्या कागदी चलनाच्या जवळची होती. परंतु नक्कल रोखण्याची कांहींच तजवीज नव्हती. घरोघर टांकसाळी निघाल्या, असें तत्कालीन इतिहासकार बर्नी सांगतो. दोनतीन वर्षांतच बादशहास तीं नाणीं परत घेऊन त्यांच्या बदल्यांत खजिन्यांतून चांदी द्यावी लागली. हुकुमानें नाण्यावर अक्षरें उमटतात, पण विश्वास उमटत नाहीं, हा धडा त्या तांब्यानें शिकविला.

दुसरें उत्तर शिवछत्रपतींचें. १६६४ च्या जानेवारींत महाराज सुरतेवर चालून गेले. त्या मोहिमेंत त्यांचा मुक्काम जव्हारजवळ शिरपामाळ येथें पडला आणि तेथें जव्हारच्या राजानें त्यांस शिरपेंच अर्पण केला, अशी ह्या भागांत परंपरागत समजूत आहे. स्नेहाचा हा संबंध फार काळ टिकला नाहीं. १६७२ च्या जून महिन्यांत मोरोपंत पिंगळे ह्यांनीं विक्रमशाहापासून जव्हार जिंकून घेतलें, आणि त्या वेळीं सतरा लक्ष रुपयांचा खजिना मराठ्यांच्या हातीं लागला. त्यानंतर बरोबर दोन वर्षांनीं, ६ जून १६७४ रोजीं, रायगडावर राज्याभिषेक झाला. सार्वभौम राजानें आपल्या नांवाचें नाणें पाडावें ह्या रीतीस अनुसरून सोन्याचा शिवराई होन आणि तांब्याची शिवराई निघाली. होन आज अत्यंत दुर्मिळ आहे; परंतु शिवराई पुढें दोन शतकें महाराष्ट्राच्या बाजारांत चालत राहिली.

राज्याभिषेकाच्या वेळीं मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता. इंग्रजांच्या मागण्यांपैकीं एक अशी होती कीं, मुंबईचें नाणें महाराजांच्या मुलुखांत चालावें. ह्यावर महाराजांचें जें उत्तर ऑक्झिंडेनच्या वृत्तांतांत नमूद आहे, त्याचा आशय असा: कोणतेंहि नाणें चालण्यास मनाई करावयाची नाहीं, परंतु ज्यानें रयतेचें नुकसान होईल असें नाणें घेण्याची तिच्यावर सक्तीहि करावयाची नाहीं. इंग्रजांचें नाणें मोंगलांच्या व इतर राजांच्या नाण्यांइतकें शुद्ध आणि वजनदार असेल, तर तें आपोआप चालेल. तुघलकाच्या हुकुमाशेजारीं हें उत्तर ठेवून पाहिलें म्हणजे दोन राजनीतींमधील अंतर ध्यानांत येतें. शिवराई इतकी वर्षें कां चालली, ह्याचें अर्धें उत्तरहि त्यांत सांपडतें.

उरलेलें अर्धें उत्तर नाण्याच्या घडणींत आहे. शिवराईचें वजन बहुधा ११ ते १३ ग्रॅम, म्हणजे एका तोळ्याच्या आसपास असतें. तांब्याचा तुकडा खालच्या ठशावर ठेवावयाचा, त्यावर वरचा ठसा धरावयाचा आणि घणाचा घाव घालावयाचा, अशी ती पाडण्याची रीत होती. ठसा मोठा आणि तुकडा लहान असल्यामुळें भोंवतालचें ठिपक्यांचें वर्तुळ क्वचितच पूर्ण उमटे. कोठें ‘श्री’ बाहेर राही, कोठें ‘पति’ अर्धाच येई. ठसा झिजला कीं कारागीर नवीन कोरी, आणि प्रत्येक कारागिराचें अक्षरज्ञान वेगळें. त्यामुळें एकाच्या हातून ‘शिव’ उतरे, दुसऱ्याच्या हातून ‘शीव’, तर तिसऱ्याच्या हातून ‘सिव’. शुद्धलेखनाचे हे दोष आज इतिहासाच्या कामीं येतात, कारण प्रत्येक भेद हा एका वेगळ्या ठशाचा, आणि पुष्कळदां वेगळ्या टांकसाळीचा किंवा वेगळ्या काळाचा साक्षीदार असतो.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. शिवराईवर ‘राजा शिव’ असें असलें, तरी प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातींतील नव्हे. संभाजी महाराजांच्या नांवाचीं ‘श्री राजा शंभु’ हीं अक्षरें असलेलीं, तसेंच राजाराम आणि शाहू ह्यांच्या नांवांचीं नाणींहि आहेत, पण तीं विरळा सांपडतात. लोकांच्या हातास आणि डोळ्यांस ‘शिव’ ह्या नांवाची संवय झाली होती, म्हणून पुढील टांकसाळींनीं तेंच नांव चालू ठेविलें. दोन ओळींच्या मध्यें दुहेरी रेघ असलेली जी ‘दुदांडी’ शिवराई आढळते, ती फार उत्तरकाळची होय. १८३५ सालीं कंपनी सरकारनें सर्व हिंदुस्थानासाठीं एकच रुपया आणि त्याच्या जोडीला पाव आण्याचा पैसा चालू केला. तो पैसा साडेसहा ग्रॅमच्या आंतलाच, म्हणजे जुन्या शिवराईच्या जवळजवळ अर्ध्या वजनाचा होता. तरीहि मुंबई इलाख्याच्या खेड्यापाड्यांत एकोणिसावें शतक संपत येईपर्यंत शिवराई हातांत फिरत होती.

राजा गेल्यावरहि त्याचें नाणें चालत राहावें, ही गोष्ट ह्या भूमीस नवीन नव्हती. जव्हारहून मोखाड्यावरून घाट चढून त्र्यंबकेश्वर गांठावें आणि नाशिकची वाट धरावी, म्हणजे अंजनेरी लागतें. तेथें मिळालेल्या भोगशक्ति राजाच्या ताम्रपटांत, जो इसवी सन ७१० च्या सुमाराचा आहे, ‘कृष्णराज रूपक’ ह्या नाण्यांचा उल्लेख येतो. कृष्णराज हा कलचुरि वंशाचा राजा सहाव्या शतकांतला. म्हणजे त्याच्या मागें दीडशें वर्षांनीं, दुसऱ्याच वंशाच्या अमलांत, लोक त्याच्या नांवाच्या चांदीच्या नाण्यांत हिशेब करीत होते. नाणें चालविणाऱ्या रयतेस वंशावळीशीं कर्तव्य नसतें. वजन ठीक आणि तोंड ओळखीचें असलें म्हणजे तिचें काम भागतें.

शिवराईची शास्त्रीय पारख प्रथम ज्यांनीं केली त्यांमध्यें एका परकीयाचें नांव कृतज्ञतेनें घ्यावें लागतें. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड जस्टिन ॲबट हे पुढें मराठी संतचरित्रांच्या इंग्रजी भाषांतरांमुळें प्रसिद्धीस आले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत शिवराई चलनांतून नाहींशी होऊं लागली होती आणि ढिगांनीं वितळविली जात होती. ॲबटसाहेबांनीं कोंकणांत पंचवीस हजारांच्या घरांत शिवराया गोळा करून तपासल्या, अक्षरांच्या आणि लेखनाच्या भेदांवरून त्यांचे वर्ग पाडले, आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत त्यावर निबंध लिहिला. ज्या नाण्यास सराफ मोडीच्या भावानें विकत होता, त्याच नाण्याच्या राशींतून इतिहास शोधण्याची ही खटपट होती. एखादें सुंदर नाणें निवडून बाकीचीं टाकून देणें, अशी त्यांची रीत नव्हती. सर्व रास नजरेखालून घातल्यावांचून भेद कळत नाहींत, हें त्यांनीं ओळखिलें होतें.

ॲबटसाहेबांच्या मायदेशीं तांब्याच्या नाण्यांचा छंद पुढें मोठ्या थराला गेला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं १७९३ पासून १८५७ पर्यंत तांब्याचें मोठें सेंट पाडलें. पहिल्या वर्षाच्या सेंटवर पंधरा संस्थानांच्या एकीचें चिन्ह म्हणून पंधरा कड्यांची साखळी होती. परंतु स्वातंत्र्याच्या नाण्यावर साखळी शोभत नाहीं अशी टीका झाल्यानें ती लौकरच काढून टाकावी लागली. १७९५ च्या अखेरीस सेंटचें वजन १६८ ग्रेन, म्हणजे ११ ग्रॅमच्या जरासें आंत, असें ठरलें. शिवराईच्या अगदीं शेजारचें. तांबें महागल्यावर हें नाणें तेथेंहि बंद झालें. त्यांचे ठसेहि हातानें कोरलेले असल्यामुळें प्रत्येक ठशाचे बारीक भेद टिपणारे संग्राहक निर्माण झाले.

१९४९ सालीं विल्यम शेल्डन ह्या मानसशास्त्रज्ञानें ह्या जुन्या सेंटांवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यांत प्रत मोजण्याचें एक मान सुचविलें. जें नाणें कसेंबसें ओळखूं येतें त्यास एक अंश; जें जणूं आतांच ठशाखालून निघालें आहे त्यास सत्तर. कल्पना अशी कीं, एक अंशाच्या नाण्यास एक डॉलर पडला, तर सत्तर अंशांच्या त्याच जातीच्या नाण्यास सत्तर डॉलर पडावेत. बाजारानें हें त्रैराशिक फार दिवस मानलें नाहीं. चांगल्या प्रतीच्या नाण्यांच्या किंमती कोठच्या कोठें गेल्या. परंतु सत्तर अंशांचें मान मात्र राहिलें. १९७७ सालीं अमेरिकेच्या नाणेसंग्राहकांच्या राष्ट्रीय संस्थेनें तें सर्व प्रकारच्या नाण्यांसाठीं स्वीकारलें, आणि आज जगभरच्या लिलावांत, भारतांतहि, त्याच आंकड्यांची भाषा चालते.

हें मान शिवराईस लावावें काय? थोडा विचार केल्यास अडचण दिसते. अमेरिकेचें सेंट यंत्राच्या दाबाखालीं निघे; त्यामुळें नवें असतां तें कसें होतें हें ठाऊक असतें, आणि त्यापासून किती झीज झाली हें मोजतां येतें. घणाखालची शिवराई जन्मतःच अपुरी असते. तिच्यावर एखादें अक्षर नसलें, तर तें झिजून गेलें कीं मुळींच उमटलें नव्हतें, हें आधीं ठरविलें पाहिजे. झीज असेल तर उरलेलीं अक्षरेंहि सपाट आणि मऊ कडांचीं असतात. ठसा बाहेर गेला असेल तर शेजारचीं अक्षरें ठसठशीत राहतात आणि मध्येंच तुटतात. म्हणून जाणते संग्राहक शिवराईकडे क्रमानें पाहतात. प्रथम वजन. नंतर अक्षरांपैकीं किती आणि कोणतीं उमटलीं आहेत. नंतर लेखनाचा भेद, वेलांटी ऱ्हस्व कीं दीर्घ, ‘श’ कीं ‘स’. नंतर ठिपक्यांचें वर्तुळ, अक्षरांची धाटणी, आणि सर्वांत शेवटीं झीज. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स ह्यांनीं मराठ्यांच्या टांकसाळींवर आणि नाण्यांवर १९८९ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या आधारानें आज अशी तुलना पुष्कळ सोपी झाली आहे.

पूर्वीं गांवोगांवचे पोतदार आणि सराफ हेच पारखी होते. निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये ओळखावयाचे, झिजलेल्या रुपयावर बट्टा घ्यावयाचा, खोटें नाणें फोडून टाकावयाचें, हें त्यांचें काम. त्यांच्या दृष्टीनें झीज म्हणजे तोटा. आजच्या बाजाराच्या दृष्टीनेंहि झीज म्हणजे तोटाच. इतिहासाच्या दृष्टीनें मात्र हिशेब निराळा होतो. जें नाणें पाडल्याबरोबर गाडग्यांत घालून पुरलें गेलें, तें नव्यासारखें राहतें. त्यावरून टांकसाळीचें कौशल्य कळतें. जें दोनशें वर्षें हातोहात फिरलें, त्याचीं अक्षरें जातात. पण लोकांनीं तें घेतलें, पुन्हां दिलें आणि पुन्हां घेतलें, ही गोष्ट त्या झिजेंतच लिहिलेली असते. तुघलकाच्या तांब्यास असें झिजण्याचें भाग्य लाभलें नाहीं. म्हणून झिजलेली शिवराई ही हलक्या प्रतीची शिवराई असें समजून ती मोडींत घालणें म्हणजे पुरावाच मोडींत घालणें होय.

किंमती वाढल्या कीं नकलाहि वाढतात. ओतीव नकलेवर बारीक छिद्रें दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि कडेनें सांध्याची रेघ राहते. वजनहि बहुधा जुळत नाहीं. ह्याहून घातक प्रकार म्हणजे खऱ्या, झिजलेल्या नाण्यावर टोंचणीनें अक्षरें नव्यानें कोरून साधी शिवराई दुर्मिळ म्हणून खपविणें. असें नाणें खोटें ठरतें तें ठरतें, शिवाय मूळचें खरें नाणेंहि कायमचें नष्ट होतें.

परंतु लबाडांपेक्षां अधिक नाणीं सज्जनांच्या स्वच्छतेनें बिघडलीं आहेत. चिंच, लिंबू, राख किंवा घासावयाची पूड लावून शिवराई लख्ख केली, कीं आम्लानें वरचा थर जातो, अक्षरांच्या कडा जातात, वजन घटतें आणि धातूवर बसलेला तो गडद, घट्ट थर, जो नाण्याचें रक्षण करीत होता, तोहि जातो. हा घट्ट थर आणि हिरवा, भुसभुशीत, बोटास लागणारा रोग ह्यांत फरक आहे. दुसरा प्रकार क्षारांमुळें होतो आणि कोंकणच्या दमट हवेंत झपाट्यानें पसरतो. असें नाणें इतरांपासून निराळें, कोरड्या जागीं ठेवावें आणि जाणकारास दाखवावें. बाकीच्यांस हात न लावणें हीच उत्तम निगा.

सर्वांत मोठी हानि मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. नाणें कोठें मिळालें, एकटें मिळालें कीं गाडग्यांत, त्याच्याबरोबर दुसरीं कोणतीं होतीं, ही माहिती नाण्यावर कोरलेली नसते. ती शेतकऱ्याच्या तोंडीं असते आणि पहिल्या विक्रीबरोबर नाहींशी होते. लिलावांत सुबक डबींत बंद केलेल्या शिवराईचा अंश सांगतां येतो, पण ती जव्हारच्या डोंगरांत चालत होती कीं साताऱ्याच्या पेठेंत, हें सांगतां येत नाहीं. शिवराईचा अंमल कोठपर्यंत पोंचला, घाटाखालच्या पाड्यांत रोख पैसा केव्हां आला, ह्या प्रश्नांचीं उत्तरें अशा हरवलेल्या वाक्यांत आहेत. जमिनींत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास जिल्ह्याच्या कलेक्टरास कळविलें पाहिजे, असा १८७८ चा कायदा आहे. आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तु खासगी रीतीनें देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्यानें बंदी आहे. ह्या कायद्यांच्या भीतीनें पुष्कळ लोक ठेवा लपवितात आणि वितळवून टाकतात. वास्तविक, कळविल्यानें जें टिकतें तें त्यांच्याच पूर्वजांचें असतें.

ह्या बाबतींत घाटावरच्या अंजनेरीचें महत्त्व पुन्हां एकदां ध्यानांत येतें. जेथें कृष्णराजाच्या रूपकांचा उल्लेख असलेला ताम्रपट मिळाला, त्याच गांवीं १९८० सालीं नाणकशास्त्राच्या संशोधनाची संस्था स्थापन झाली, आणि डॉ. परमेश्वरीलाल गुप्त ह्यांच्यासारखा नाणकशास्त्रज्ञ तिचा पहिला संचालक झाला. जव्हार-मोखाड्याच्या रहिवाशास हें ठिकाण दूर नाहीं.

शहरांतील घरोघरींहि हें काम थोडेंबहुत होऊं शकतें. पुष्कळ कुटुंबांत आजीच्या पेटींत किंवा देव्हाऱ्यांतील कलशांत एखादी शिवराई अजून असते. ती न घासतां कोरड्या कागदी पाकिटांत ठेवावी. सोन्याच्या कांट्यावर तिचें वजन करून घ्यावें आणि पाकिटावर लिहावें. उमटलेलीं अक्षरें जशीं दिसतात तशींच, शुद्ध न करतां, उतरून घ्यावीं. ती कोणाकडून आली, कोणत्या गांवची, कोणत्या शेतांत किंवा कोणत्या घराच्या भिंतींत मिळाली, हें घरांतील वडील माणसांस विचारून घ्यावें, आणि त्यांचें सांगणें ऐकीव असेल तर तसेंहि नमूद करावें. ह्याला विद्वत्ता लागत नाहीं. फक्त सांगणारें माणूस हयात असेपर्यंत विचारावें लागतें.